पंचेचाळीस अंशांचा अर्ज

सर्वांत लांब फेकायचं असेल तर जमिनीशी पंचेचाळीस अंशांचा कोन करून फेकावं, हे वाक्य मी अकरा वर्षं शिकवलं. फळ्यावर ती कमान मी एका दमात काढत असे. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा शेऱ्यात ‘आकृती सुबक’ असं लिहूनही ठेवलं आहे. या अकरा वर्षांत मी स्वतः मात्र खडूखेरीज काही फेकलं नव्हतं, आणि मागच्या बाकावर खडू मारायला कोन लागत नाही, राग पुरतो. हे वेळीच ध्यानात आलं असतं तर पुढची शोभा टळली असती. पण ती टळली असती तर माझं फार मोठं नुकसान झालं असतं, आणि हे मी आज, गाव अजून हसत असताना, मनापासून सांगतो आहे.

साल पंच्याऐंशी, सप्टेंबर संपत आलेला. कोसमटोल्याच्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवायचो. गडचिरोली जिल्हा होऊन तीनच वर्षं झाली होती. कार्यालयं नवी, खुर्च्या नव्या, फायली तेवढ्या जुन्या, चांद्याहून आलेल्या. त्या नव्या जिल्ह्याच्या जिल्हा परिषदेकडून माझ्या बायकोला, इंदूला, प्राथमिक शिक्षिकेचा आदेश आला. तिनं डी.एड. करून सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत ती किती मुलाखतींना गेली याचा हिशेब मी ठेवला नाही, तिनं ठेवला होता. आदेश आला त्या संध्याकाळी तिनं बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि कागद पुन्हा पुन्हा वाचला. खाली लिहिलं होतं की लेखी संमती सत्तावीस तारखेला सायंकाळी पाचपर्यंत कार्यालयात पोचावी. न पोचल्यास आपणांस नोकरीची आवश्यकता नाही असे समजून यादीतील पुढच्या उमेदवारास बोलावण्यात येईल.

"अर्ज मी लिहितो," मी म्हणालो. "तू फक्त सही कर."

सरकारी अर्ज कसा लिहावा याबद्दल माझी काही मतं आहेत. तो एका पानापेक्षा कमी असू नये. त्यात ‘सेवेशी सविनय सादर’ हवं, ‘कृपाछत्र’ हवं, आणि शेवटी ‘आपली आज्ञाधारक’च्या आधी एक ओळ श्वास घ्यायला मोकळी हवी. मसुद्यावर मी तीन दिवस बसलो. त्यात एक वाक्य असं होतं: ‘माझे पती श्री. रामटेके सर यांच्या अनुमतीने व आशीर्वादाने मी ही नोकरी स्वीकारीत आहे.’ पतीपुढचं ‘सर’ माझंच. इंदूनं ते वाक्य वाचलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

"आजच पोस्टात टाकता नं?"

"म्हणजे काय!"

सत्तावीस तारखेला, शुक्रवारी, सकाळी दहा वाजता मी भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडलं. आदल्या दिवसापासून कोसमनाल्याला पूर होता आणि हेडमास्तर नाल्यापलीकडे राहत, म्हणून शाळेला आपोआप सुट्टी होती. प्रक्षेपणाचं प्रकरण जिथं सोडलं होतं तिथं मी खुणेला काहीतरी घातलं होतं. ते पाकीट होतं. आतमध्ये कृपाछत्र, अनुमती, आशीर्वाद, सगळं जसंच्या तसं.

इंदू चुलीपाशी होती. मी पाकीट दाखवलं. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं, ओरडणाऱ्या माणसाशी निदान वाद घालता येतो. तिनं भाताचं भांडं उतरवलं, हात पुसले आणि म्हणाली, "बरं."

आमच्या घरात ‘बरं’ फार क्वचित म्हटलं जातं. मी चपला घातल्या.

एरवी नाल्यावर रपटा आहे, म्हणजे पात्रातच बांधलेला बुटका रस्ता. एस.टी. त्यावरून गावात येते. पूर आला की रपटा पाण्याखाली जातो; मग गाडी साडेअकराला पलीकडच्या काठावर थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर पळसाखाली डबा खातात आणि दोनला गाडी गडचिरोलीला परत फिरते. कंडक्टर गुणवंतराव माझ्या चांगल्या ओळखीचे होते. शाळेचे खडू, माझं वर्तमानपत्र, इंदूचा तो आदेश, सगळं त्यांच्याच गाडीनं यायचं. पाकीट त्यांच्या हातात पडलं तर चारपर्यंत गडचिरोली. प्रश्न एवढाच होता की मधे नाला होता.

डोंगा, म्हणजे लाकडी होडी, चालवणारा डोमा काठावर बिडी ओढत बसला होता.

"डोमा, पलीकडे जायचंय."

"मलेबी जाचं आहे जी, सासुरवाडीले," तो म्हणाला. "पन आज नाई. पानी पाहा नं. माह्या बापानं अशा पान्यात डोंगा घातला नाई, म्हनून थो ऐंशी वर्सं जगला."

एव्हाना गाडी येऊन थांबली होती. मी पलीकडे पाहून दोन्ही हात हलवले. गुणवंतरावांनीही हलवले. मी पाकीट दाखवलं. पाण्याच्या आवाजात बोलणं अशक्य होतं. त्यांना वाटलं, मी वर्तमानपत्र मागतो आहे. सज्जन माणूस! त्यांनी गाडीतून वर्तमानपत्र काढलं, गुंडाळलं आणि माझ्याकडे फेकलं. ते चार हातांवर उलगडलं आणि पाण्यात बसून निघून गेलं. पण त्यांच्या त्या फेकण्यानं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण अकरा वर्षं शिकवतो ते दुसरं काय?

मी घरी जाऊन कंपासपेटी आणली. काठावर दोन काठ्या रोवून, पलीकडच्या पळसावर नजर धरून, कोनमापकानं कोन घेतले आणि त्रिकोणमितीनं नाल्याची रुंदी काढली. साठ मीटर. एव्हाना निम्मा गाव जमला होता. पंचेचाळीस अंशांत साठ मीटर जायचं तर वेग किती हवा, तेही मी पाकिटाच्या पाठीवर काढलं. सेकंदाला चोवीस मीटर, म्हणजे तासाला जवळजवळ शहाऐंशी किलोमीटर.

"एवढ्या जोरात त एस.टी.बी नाई पळत," डोमा म्हणाला.

मी दुर्लक्ष केलं. पाकिटात दगड घातला, सुतळीनं बांधला, कोनमापक खांद्याला लावून दंडाची दिशा नक्की केली, चार पावलं धावलो आणि फेकलं. कोन अचूक होता, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. पाकीट सुबक कमान करत वर गेलं, वर गेल्यावर वाऱ्यानं फडफडलं, आणि नाल्याच्या अलीकडच्या निम्म्यात पडलं. त्याच्याबरोबर माझी डाव्या पायातली चप्पलही गेली. लोकांचं म्हणणं, चप्पल जास्त लांब गेली. मोजायला साधन नव्हतं, म्हणून मी वाद घातला नाही.

इंदू मागे येऊन उभी होती. तिच्या हातात वही आणि बॉलपेन होतं. मी पाकीट फेकण्याआधीच ती वही घेऊन घरून निघाली होती, हे मला नंतर कळलं, आणि ते मला जरा लागलंही.

"सांगा," ती दगडावर बसत म्हणाली. मी सांगितलं. कृपाछत्रासकट. अनुमती आणि आशीर्वादाशी तिचं पेन क्षणभर थांबलं, पण तिनं लिहिलं. बारा वाजून गेले होते.

आमच्याकडे मदतीला माणूस एक वेळ मिळणार नाही, सल्ल्याला कमी नाही. आणि सल्ला देणारे दोघंही सरकारी. पहिले गुलाबराव, किराणा दुकान सांभाळून गावचं पोस्ट चालवणारे.

"सर, हे कायद्यात बसत नाई," ते म्हणाले. "टपाल न्यायचा अधिकार फक्त डाक खात्याले. तुमी असं फेकून राह्यले म्हंजे खात्याच्या कामात ढवळाढवळ झाली."

"मग तिकीट लावतो, तुम्ही शिक्का मारा."

गुलाबरावांनी गंभीरपणे विचार केला. "शिक्का मारला का थे सरकारी टपाल झालं. मंग तुमी थे नाल्यात फेकलं त गुन्हा अजून मोठा."

"तार करता येईल?"

"तारेचं ऑफिस पलीकडे हाये."

मी त्यांना बाजूला सारलं, कारण माझ्या डोक्यात आता बांबू आला होता. हातानं जोर पुरत नसेल तर बांबू वाकवावा, त्याच्या टोकाला दगड बांधलेला अर्ज अडकवावा आणि सोडावा. विज्ञान म्हणजे अखेर हेच, हाताला जे जमत नाही ते दुसऱ्याकडून करून घेणं. मी विळा मागवला. विळा यायच्या आत वनरक्षक मुखरू आला. पंचक्रोशीत कुठंही विळा बांबूला लागायचा असला की मुखरू आधी पोचतो, हे त्याचं खरंच कौतुक आहे.

"बांबू तोडाचा पास आहे का जी?" त्यानं विचारलं.

"मुखरू, माझ्या बायकोची नोकरी चालली आहे!"

"वयनीची नोकरी राहो नं. पन बांबू तोडला का माही जाते." तो थोडा घुटमळला. मग कायद्यात वाट काढायची त्याला सवय असावी, कारण म्हणाला, "तोडू नका. उभ्या बांबूले वाकवाले कोनतं कलम नाई."

हा तोडगा ऐकून सगळे खूश झाले. कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही, की तोडलेला बांबू आपण हवा तिथं रोवतो आणि उभा बांबू जिथं उगवला तिथंच असतो. काठावरचं बांबूचं एकच बेट दोरीला सापडण्याजोगं होतं आणि ते गावाकडे झुकलेलं. नाल्याकडे फेकायचं तर त्याला आणखी गावाकडे ओढायचं. सहा जणांनी दोरी धरली. मुखरूनं खबरदारी म्हणून पंचनामा लिहायला घेतला, पण पंच म्हणून ज्यांच्या सह्या हव्या होत्या ते दोघं दोरीवर होते. मी कोनमापक घेऊन ‘अजून, अजून, बस!’ म्हणत होतो.

या सगळ्या गोंधळात मघापासून एक आवाज येत होता, तो सांगायचा राहिला. काठाला लागून केसरबाईचं धानाचं शेत होतं. साठीची विधवा बाई. लोंब्या दुधात आल्या की ती दिवसभर मचाणावर बसून पोपट हाकायची. आम्ही शिकलेले पोपट म्हणतो, ती मिठू म्हणायची आणि पुढं दोन शिव्या जोडायची. थोड्या थोड्या वेळानं ‘हाऽऽ हो’ ऐकू यायचं, मग गोफणीचा फट् आवाज, मग भुर्रकन थवा उडायचा. त्याकडे मी लक्ष दिलं नव्हतं. माझं लक्ष कोनावर होतं.

"सोडा!" मी ओरडलो.

पाच जणांनी सोडलं. डोमानं सोडलं नाही, कारण, त्याच्या म्हणण्यानुसार, त्याला ‘सोडा’ कुणाला म्हटलं ते समजलं नाही. बांबू सुटला तसा डोमा जमिनीपासून हातभर वर उचलला गेला आणि सरळ चिखलात उभा राहिला, बिडी तोंडातच. त्याच्या वजनानं बांबूची दिशा फिरली. अर्ज नाल्याकडे न जाता थेट वर गेला, वर जाऊन विचार बदलल्यागत वळला आणि केसरबाईच्या बांधावरच्या मोहाच्या झाडात, सर्वांत उंच बेचक्यात जाऊन बसला. माझा चष्मा चिखलात पडला. मुखरूनं लिहिलं: ‘बांबूस इजा नाही.’

सव्वा वाजला. मी चष्मा पुसत होतो. हसणाऱ्यांत माझे दहावीतले चार विद्यार्थी होते, ज्यांना मी गेल्याच आठवड्यात ‘सुबक आकृती’ काढायला लावली होती. हे सहन झालं असतं. इंदू हसत नव्हती. ती पलीकडच्या गाडीकडे बघत होती. सहा वर्षं ज्या गाडीनं ती मुलाखतींना गेली तीच गाडी. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण माझ्या आलं, आणि चष्मा पुसत असल्याचा मला फार उपयोग झाला.

"काऊन जी, काय तमाशा करून राह्यले इथी?"

केसरबाई मचाणावरून उतरून आली होती. कमरेला पदर खोचलेला, हातात गोफण. "तुमच्या गोंधळापायी माह्ये मिठू बेडर झाले. मानसं हासतेत म्हनून थे बी बसून पाहून राह्यले, अन् खाऊन राह्यले."

इंदूनं तिला सांगितलं. मी सांगितलं असतं तर न्यूटनपासून सुरुवात झाली असती. इंदूनं चार वाक्यांत सांगितलं. केसरबाईनं पलीकडे पाहिलं. हातांचे आडोसे करून, मान वाकडी करून, जेवढा वेळ मी एक काठी रोवायला घेतला तेवढ्यात तिचं पाहून झालं.

"एवढंच? मले आवाज द्याचा नं मंग." मग इंदूला म्हणाली, "बाई, लहान कागद घे. थोडकं लिही. एवढं मोठं पान मातीच्या गुंड्यात माईन नाई."

इंदूनं वहीच्या पानाचा एक तुकडा फाडला आणि मला काही न विचारता लिहिलं. मी मागून वाचलं. ‘आदेश क्रमांक अमुकप्रमाणे नोकरी मला मंजूर आहे. मी रुजू होते.’ खाली सही, तारीख. चिठ्ठीच्या पाठीवर कार्यालयाचा पत्ता आणि गुणवंतरावांना एक ओळ.

"इंदू," मी हळूच म्हणालो, "अनुमतीचं राहिलं."

"वजन होते नं," ती म्हणाली.

केसरबाईनं चिठ्ठी युरियाच्या पिशवीच्या तुकड्यात गुंडाळली, वर पळसाचं पान, त्यात एक गोटीएवढा खडा, आणि सगळ्याभोवती नाल्याकाठची चिकणमाती थापून मुठीएवढा गोल गुंडा वळला. वरून कोरडी माती चोळली. तिच्या बोटांना घाई नव्हती, गाडीला होती. ती पुन्हा मचाणावर चढली. मीही शिडीच्या दुसऱ्या पायरीपर्यंत चढलो, कारण माझं काम अजून संपलं नव्हतं.

"केसरबाई, पंचेचाळीस अंश!"

"थे का असते?"

मी हातानं दाखवलं. तिनं माझा हात मनगटाला धरून खाली केला, बराच खाली. "एवढ्या वर मारलं त आभाळाले लागते. तुमाले आभाळात पाठवाचं आहे का गडचिरोलीले? वर गेलं का वारा खाते. अन् वर मारताना हाताले जोर भेटत नाई. खाली मारा, हात मोकळा सुटते."

आधी तिनं अंदाजाला एक साधा दगड घातला. गोफण डोक्याभोवती तीनदा फिरली, फट् झालं, आणि दगड नाल्यावरून जवळजवळ आडवा जाऊन पलीकडच्या पळसाच्या खोडावर बसला. त्या पळसाखाली गुणवंतराव डबा खात होते.

गुणवंतरावांनी डबा सोडला आणि गाडीखाली शिरले. ड्रायव्हरला वाटलं, गावकरी दगडफेक करताहेत. त्यानं गाडी चालू केली. अजून दोन वाजायला वीस मिनिटं होती. इंजिनाचा आवाज नाल्याच्या आवाजावरून इकडे ऐकू आला.

इंदू धावली. पाण्याच्या अगदी कडेला, मी ‘मागं सर, मागं सर’ ओरडत असताना, घोट्यापर्यंत चिखलात जाऊन उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात वर केले. गुणवंतरावांनी गाडीखालून डोकं काढलं. या बाईला त्यांनी सहा वर्षं पुढच्या सीटवर फाइल मांडीवर घेऊन बसलेलं पाहिलं होतं. परत येताना ती काही बोलायची नाही, तेव्हा तेही काही विचारायचे नाहीत. ते बाहेर आले, बोनेटवर थाप मारली आणि शिट्टी फुंकली. इंजिन बंद झालं.

केसरबाईनं गुंडा गोफणीत ठेवला.

मी डोळे मिटले. शास्त्राच्या शिक्षकानं प्रयोगाच्या वेळी डोळे मिटू नयेत, हे मान्य. मला फक्त ऐकू आलं. भुंग्याएवढा आवाज, फट्, मग काहीच नाही, मग पलीकडून पत्र्यावर ‘धप्प’. डोळे उघडले तर एस.टी.च्या लाल पत्र्यावर खिडकीखाली मातीचा वाटोळा डाग होता आणि गुणवंतराव खाली वाकून फुटलेल्या गुंड्यातून पळसाचं पान सोडवत होते. त्यांनी चिठ्ठी वाचली. मग खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं आणि आम्हाला दिसेल असा खिशावर हात आपटला.

गाव असं ओरडलं की केसरबाईच्या शेतातले सगळे मिठू एकदम उडाले. डोमा मला मिठी मारायला आला, चिखलासकट. गुलाबराव म्हणाले, "मातीच्या गुंड्याबद्दल डाक खात्याचा नियम नाई," आणि डोळे पुसू लागले. मुखरूनं पंचनामा फाडला. मी केसरबाईच्या पाया पडायला वाकलो, तर ती मागं सरली.

"पाया नोका पडू. दोन तास माह्ये गेले. आइतवारी मले बाजाराले जाचं आहे, थ्या दिवशी तुमी मचानावर बसा."

मी ‘हो’ म्हणालो. त्या घडीला तिनं मला हिवाळाभर बसायला सांगितलं असतं तरी मी बसलो असतो.

शनिवारी पाणी उतरलं आणि गाडी रपट्यावरून थेट गावात आली. गुणवंतरावांनी उतरता उतरता इंदूच्या हातात पोच दिली, शिक्का सत्तावीस तारखेचा, वेळ चार पंचेचाळीस. कार्यालयातला कारकून म्हणाला होता की अर्ज विहित नमुन्यात नाही, अपुरा आहे आणि त्याला माती लागली आहे. गुणवंतराव म्हणाले होते, "आधी शिक्का मारा, मंग नमुना पाहा. माह्यी गाडी चिखलात उभी हाये." गाडी डांबरावर उभी होती, पण एवढं खोटं मी त्यांना माफ केलं, नव्हे, जन्मभर उपकार मानीन. इंदूला सोमवारी रुजू व्हायचं होतं. शाळा नाल्यापलीकडच्या गावातली, पायी पाऊण तास.

रविवारी मी मचाणावर बसलो. वर चढल्यावर सगळं समजायला लागलं. पुस्तकातल्या मैदानात वारा नसतो, फेकणारा मचाणावर उभा नसतो, आणि त्याला हात नसतो, नुसता वेग असतो. तिथं पंचेचाळीस अंश खरेच आहेत. पण जिथं वारा आहे, उंची आहे आणि खांद्याचा सांधा आहे, तिथं कोन खाली येतो. हे शोधायला मला एक चप्पल आणि दोन अर्ज लागले, केसरबाईला मिठू पुरले. आता दहावीच्या वर्गात मी कमान काढतो आणि तिच्याखाली दुसरी, बसकी कमान काढून सांगतो, पहिली परीक्षेत काढा, दुसरी नाल्यावर. पोरांना ही दुसरी जास्त आवडते.

गोफण मला साधेना. पहिला दगड माझ्याच मागे गेला. दुसरा खाली उभ्या असलेल्या केसरबाईच्या बैलाजवळ पडला. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि जागा बदलली. चौथा का पाचवा सरळ मचाणावर झुकलेल्या मोहाच्या झाडात शिरला आणि वरून फांद्यांना आपटत काहीतरी माझ्या मचाणावर येऊन पडलं. सुतळी, दगड, भिजून वाळलेला कागद. माझा दुसरा अर्ज.

मी तो पहिल्यापासून वाचला. कृपाछत्र. सविनय. मोकळी ओळ. ‘माझे पती श्री. रामटेके सर यांच्या अनुमतीने व आशीर्वादाने.’ तिच्या अक्षरात ते वाक्य जरा आखडून लिहिलेलं होतं, जागा असूनही. तीन दिवस बसून मी एवढंच तिला दिलं होतं, आणि तेसुद्धा पोस्टात टाकायला विसरलो होतो. मला खरोखर लाज वाटली.

खाली उतरून मी काठाची माती आणली. अर्जाची घडी केली, घडीची घडी केली, भोवती माती थापली, कोरडी माती चोळली. मचाणावर जाऊन गोफण डोक्यावरून तीनदा फिरवली आणि हात खाली, मोकळा सोडला.

गुंडा नाल्यावरून आडवा गेला, पलीकडे पळसाच्या बुंध्याशी जाऊन फुटला.

"अहो!"

इंदू बांधावर माझा डबा घेऊन उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

"काय होतं ते?"

"जुना अर्ज. मोहातला."

"कोणता? अनुमतीवाला?"

मी मान हलवली. तिनं पलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी वाट पाहत होतो ‘बरं’ची. ती ‘बरं’ म्हणाली नाही. ती हसायला लागली, शुक्रवारपासूनचं राहिलेलं सगळं हसली, शिडीच्या पायरीला धरून, इतकं की खालच्या बैलानं पुन्हा जागा बदलली. मग डबा वर देत म्हणाली, "किती अंशांत मारला?"

"मोजलं नाही," मी म्हणालो, आणि तिला हात देऊन वर घेतलं. मिठू धानावर परत बसत होते. आम्ही दोघांनी मिळून ‘हाऽऽ हो’ केलं.